न वितळणारं लोणी

रविवारी सकाळी दहा वाजता घाटकोपरच्या भटवाडीतल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये तीनशे माणसं एका पितळी गोळ्याकडे टक लावून बसली होती. कापराची ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद ठेवले होते. सगळे घामाने निथळत होते, पण कुणी खिशातून रुमालही काढत नव्हतं. पहिल्या रांगेत हिरव्या साडीत माझी सख्खी थोरली बहीण रत्नप्रभा, आमची आक्का, हात जोडून बसली होती. मी मागे दाराशी उभा होतो आणि माझं डोकं तापलेलं होतं.

गोळा लहान कलिंगडाएवढा. डावी आणि उजवी अशा दोन पितळी वाट्या काठाला काठ लावून जोडलेल्या, प्रत्येकीला एक जाड कडी आणि उजव्या वाटीच्या माथ्यावर बोटभर कळस. ना खिळा, ना स्क्रू, ना कडीकोयंडा. याचं नाव ब्रह्मसंपुट, आणि ते सांभाळणारे ते संपुटनाथ महाराज. वय पन्नाशीच्या आत, दाढी काळी कुळकुळीत, आवाज आइस्क्रीमच्या जाहिरातीतल्यासारखा मऊ.

महाराज सांगत होते की ब्रह्मांडसुद्धा असंच दोन टरफलांचं आहे, मध्ये आहे ते नुसतं व्हायब्रेशन. माणसाचा रोग म्हणजे बिघडलेलं व्हायब्रेशन. रोग्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी संपुटात ठेवायची, की रोग आत बांधला जातो. हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना आत्ता कुठे कळायला लागलंय. कुठल्या शास्त्रज्ञांना, ते महाराजांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मग दोन जिममधली पोरं पुढे आली. कड्यांना उपरणी बांधली आणि रस्सीखेच खेळतात तशी दोन्हीकडून ओढली. मानेच्या शिरा तटतटल्या, पण संपुट उघडलं नाही. खाली कापूर पेटवला, वरून दूध, तूप आणि मध ओतलं, लिंबू पिळलं. पितळ इतकं तापलं की दूध चरचरून उडालं. पोरांनी पुन्हा ओढलं, तरी संपुट ढिम्म. शेवटी, पितळ जरा निवल्यावर, महाराज उठले. त्यांनी डोळे मिटून कळसावर तळहात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि हळूच मनगट वळवलं.

फुस्स असा लांबलचक आवाज आला. नागाने फूत्कार टाकावा तसा, आठ-दहा सेकंद.

महाराज ओरडले, "रोग बाहेर पडतोय, मागे सरा." तीनशे माणसं लाट ओसरावी तशी मागे सरली. बायकांनी पोरांची तोंडं पदराखाली घेतली. आवाज थांबला आणि मघाशी दोन पहिलवानांना न जुमानलेल्या वाट्या महाराजांच्या दोन बोटांनी अलगद सुटल्या. हॉलमध्ये जो जयजयकार झाला त्याने माझ्या पाठीला टेकलेलं दार थरथरलं.

खरी कमाल पुढेच होती. महाराजांनी वाटीच्या काठावरून बोट फिरवलं आणि बोटावर आलेला पांढुरका, दुधाळ लेप सगळ्यांना दाखवला. हे दिव्य लोणी. अग्नीने वितळलं नाही, दुधाने धुतलं गेलं नाही, लिंबाने फाटलं नाही. ज्यांची नावं आज संपुटात बांधली जाणार होती त्यांना त्यातलं हरभऱ्याएवढं विड्याच्या पानावर मिळालं. दुखऱ्या जागी सकाळ-संध्याकाळ लावायचं. पुढच्या रविवारी मुक्ती. मात्र एकवीस दिवस अंगाला लोखंड लागता कामा नये. सुरी नाही, कात्री नाही, सुई नाही.

माझ्या बहिणीच्या डाव्या स्तनात गाठ होती. तपासणीत ती वाईट निघाली होती. पुढच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिचं ऑपरेशन ठरलं होतं. सरकारी रुग्णालयातली ती तारीख मिळवायला तिची लेक मानसी दीड महिना रांगा लावत होती. ही तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही आणि गाठ तोवर थांबणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि आक्का लोखंड लावून घ्यायला तयार नव्हती.

दुपारी तिच्या घरी मी खूप बोललो. गिरणी बंद पडल्यावर बाबा खचले तेव्हा याच आक्काने पोळी-भाजीचे डबे करून आम्हा भावंडांना शिकवलं. घाबरणारी बाई ती नव्हतीच. पण त्या दिवशी तिचे डोळे घाबरलेले होते.

"लवू, माका कापून घेवची भीती वाटता रे," ती म्हणाली. "शेजारची सोनूबाय कापूक गेली ती परत इलीच नाय. ह्या लोण्यान बरा झाला तर तुझा काय जाता?"

सोनूबाई उशिरा गेली होती म्हणून परत आली नव्हती, हे मी सांगितलं. पण भीतीला तारखा कळत नाहीत. आक्काने देव्हाऱ्याजवळ ठेवलेलं विड्याचं पान माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, तूच बघ, गॅसवर धरलं तरी वितळत नाही.

मी त्या लोण्याला बोट लावलं, अंगठ्यावर घासलं, आणि ते मला ओळखू आलं.

बावीस वर्षं हा पदार्थ माझ्या नखांत आहे. साबणाने जात नाही. त्यावर पाणी टाकलं तर अळवाच्या पानावर राहतं तसं थेंब होऊन राहतं. ना वास, ना चव. मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात काम करतो. आम्ही औषध कंपन्यांना काचेची आणि स्टीलची व्हॅक्यूमची उपकरणं बनवून देतो, म्हणजे ज्यांच्यातली हवा पंपाने काढून टाकायची अशी भांडी. भांड्याचे दोन काठ कितीही घासून गुळगुळीत केले तरी त्यांत डोळ्याला न दिसणारे ओरखडे राहतात आणि त्यांतून हवा आत शिरते. ते ओरखडे बुजवायला काठाला एक खास ग्रीस लावतात. आक्का करंजीच्या कडेला दूध लावते ना, तसंच. नीट लावलं नाही तर करंजी कढईत उकलते.

फक्त करंजीला दूध पुरतं. इथे कुठल्या भांड्याला कुठलं ग्रीस लावायचं हेच सगळं शास्त्र आहे, आणि ते ठरवायचं काम माझं. साधं खनिज तेलातलं ग्रीस स्वस्त आणि बरं असतं, पण तापलं की मे महिन्यातल्या व्हॅसलीनसारखं ओघळतं. सिलिकॉनचं ग्रीस विस्तवाशेजारी टिकतं, दूध-पाणी-लिंबाला दाद देत नाही, पण पेट्रोल किंवा थिनर लागलं की फुगतं आणि सुटतं. तिसरं फ्लोरिनचं, त्याला कशानेच काही होत नाही, पण ते मोजक्या ठिकाणीच वापरतात. एकदा एका कंपनीत कुणीतरी न विचारता सिलिकॉन लावलं. आतल्या रसायनाच्या वाफेने ते विरघळून औषधात उतरलं आणि आठवड्याचा सगळा माल फेकावा लागला. तेव्हापासून मी एक फॉर्म बनवला. किती गरम होणार? किती गार? कुठल्या रसायनाशी गाठ? किती वेळ टिकायला हवं? चार प्रश्न. उत्तरं आली की ग्रीस मी सांगणार, आणि आजवर माझी निवड एकदाही चुकलेली नाही.

सोमवारी सकाळी कारखान्यात गेलो आणि फॉर्मची फाइल काढली. आठ महिन्यांपूर्वीचा फॉर्म सापडला. अक्षर माझंच.

ग्राहक: परेश, धार्मिक साहित्य. भांडं: पितळी, दोन वाट्या. गरम: काठाशी दीडशे अंशांपर्यंत. गार: प्रश्न नाही. रसायन: दूध, तूप, मध, लिंबू, कापूर. वेळ: सहा तास. शेरा: वास येऊ नये, रंग पांढरट चालेल. पेट्रोल, थिनर? नाही. खाली माझ्या सहीनिशी निवड: सिलिकॉनचं हाय व्हॅक्यूम ग्रीस.

मला तो फोन आठवला. रसायनाच्या रकान्यात पंचामृत लिहिताना मी हसलो होतो. शेजारच्या धवलला म्हणालो होतो की बघ, देवालासुद्धा आपलं ग्रीस लागतं. हा परेश घ्यायला आला तेव्हा काठावर पातळ थर कसा द्यायचा, तो एकदा गोल फिरवून कसा पसरायचा, हेही मी त्याला हौसेने करून दाखवलं होतं. तो काय बनवतोय हे मात्र विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात ते विचारत नाहीत. प्रत्येकाचा फॉर्म्युला गुप्त, आणि "कशासाठी" असं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावणं. त्या रिवाजाचा मला अभिमान होता. आता त्या फाइलपुढे बसून मला स्वतःची लाज वाटली. माझ्या बहिणीला ऑपरेशनपासून अडवणारा चमत्कार माझ्याच हाताने पक्का झाला होता.

मंगळवारी मी आक्काला फॉर्म दाखवला. तिने तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाली, तुमच्याकडून नेलं असेल, पण महाराजांच्या हातात गेल्यावर त्याचं लोणी झालं. गंगेचं पाणी आणि नळाचं पाणी दोन्ही पाणीच असतं ना. बुधवारी मानसीने डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलायला लावलं, आक्काने नुसतं हं हं केलं. गुरुवारी तिने माझा फोनच घेतला नाही. शुक्रवारी मानसी रडत म्हणाली की आईने रुग्णालयाची पिशवी उपसून कपडे कपाटात ठेवून दिलेत.

शनिवारी दुपारी मी कारखान्यातून थिनरची छोटी बाटली भरून खिशात टाकली. माझा बेत सोपा होता. उद्या हॉलमध्ये पुढे जायचं, गंगाजल म्हणून संपुटाच्या सांध्यावर ओतायचं, ग्रीस सुटेल, हवा आत जाईल आणि पहिलवानांनी ओढताच संपुट खाडकन उघडेल. महाराजांची वाट लागेल. माझं ग्रीस कशाने हरतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी भटवाडीत जाऊन हे मानसीला सांगितलं. ती एका बँकेत काम करते आणि डोक्याने माझ्यापेक्षा थंड आहे.

"मामा, खाली कापूर पेटलेला असणार," ती म्हणाली. "तू थिनर ओतणार?"

बावीस वर्षं आगीपासून थिनर लांब ठेवा असं दुसऱ्यांना शिकवणारा मी, रागाच्या भरात तीनशे माणसांच्या मध्ये भडका उडवायला निघालो होतो.

"आणि समज आग नाही लागली," मानसी पुढे म्हणाली. "संपुट मध्येच उघडलं तर महाराज काय सांगणार? रत्नप्रभाची श्रद्धा कमी पडली. आई तेच धरून बसेल, मरेपर्यंत. तुला त्यांची युक्ती मोडायची नाहीये, तुला ती आईला दाखवायची आहे."

एवढं सरळ मला आठवडाभरात सुचलंच नव्हतं. मी कारखान्यात परत गेलो, थिनर डब्यात ओतलं आणि लेथ मशीनपुढे उभा राहिलो.

रविवारी हॉल मागच्यापेक्षा भरलेला होता. दारात सगळ्यांच्या हातात एकेक पेटती अगरबत्ती देत होते. माझ्या खांद्यावर कापडी पिशवी होती. आत शिरतो तोच पांढऱ्या कुर्त्यातल्या एका माणसाने माझा दंड धरला. तो परेश होता. त्याने मला लगेच ओळखलं होतं.

तो मला खुर्च्यांच्या ढिगाआड घेऊन गेला. चेहरा हसरा, पकड मात्र घट्ट. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, तुमच्या बहिणीचं नाव आत बांधलंय. तुम्ही इथे तमाशा केला आणि उद्या टेबलावर तिचं काही बरंवाईट झालं, तर अख्खी भटवाडी म्हणेल भावाने मारली. विचार करा."

खोटं कशाला बोलू, मी हादरलो. कारण ऑपरेशनमध्ये बरंवाईट होऊ शकतं, हे खरंच होतं. डॉक्टर खात्री देत नाहीत, महाराज देतात. फसवणाऱ्याचं हेच तर हत्यार असतं. मी दंड सोडवून घेतला आणि पुढे जाऊन बसलो.

पंखे बंद झाले. संपुट आलं. जिमच्या पोरांनी ओढलं, कापूर पेटला, पंचामृत झालं, पोरांनी पुन्हा ओढलं. मग, पितळ निवल्यावर, मुक्तीच्या दिवशीचा रिवाज. रोग्याने संपुटाशेजारी बसायचं आणि त्याच्या रक्ताच्या नातेवाइकाने एकदा कडी ओढून बघायची, म्हणजे कुणाच्या मनात शंका नको. आक्का पाटावर जाऊन बसली. महाराजांनी विचारलं, हिचं कोण आहे? परेश घाईने पुढे झाला आणि म्हणाला, मुलीला बोलवा. पण मी आधीच उठलो होतो.

मी कडी दोन्ही हातांनी ओढली, पाय रोवून, अगदी मनापासून. संपुट उघडलं नाही. लोक समाधानाने हसले. महाराजांनी मायेने माझ्या पाठीवर थाप मारली, कळसावर तळहात ठेवला, डोळे मिटले, मनगट वळवलं.

फुस्स.

"रोग बाहेर पडतोय, मागे सरा." सगळे मागे सरले. आक्कानेसुद्धा पाटावरच अंग आखडून घेतलं. मी सरलो नाही. पाटाजवळच्या अगरबत्तीच्या घरात खोचलेली माझी अगरबत्ती उचलली आणि तिचं टोक कळसाच्या बुडाशी, जिथून आवाज येत होता तिथे, बोटभर अंतरावर धरलं. आठ-दहा सेकंदच होते माझ्याकडे.

"आक्का, धूर बघ," मी म्हणालो. "भायर येता की भितुर जाता?"

पंखे बंद होते, हवा हलत नव्हती. सरळ वर जाणारी धुराची रेघ कळसापाशी येऊन वाकत होती आणि दोरा सुईत जावा तशी त्या बारीक भोकात आत, सरसर आत जात होती. माझ्या बहिणीने ते हातभर अंतरावरून पाहिलं. तिच्यामागच्या बायकांनी माना पुढे काढून पाहिलं. मग आवाज थांबला आणि धूर पुन्हा सरळ वर जायला लागला.

मागच्या कुठल्यातरी लहान मुलीने मोठ्याने विचारलं की रोग बाहेर जात होता तर धूर आत कसा गेला.

महाराज मुरलेले होते. क्षणभरच अडखळले आणि म्हणाले की संपुट आता वातावरणातली नकारात्मक शक्ती आत ओढून घेतंय. मी मोठ्याने विचारलं की मग मघाशी लोकांना मागे का सरायला लावलंत? आत ओढतंय की बाहेर टाकतंय, एकदा ठरवा. कुणीतरी माइक बंद केला. पांढरे कुर्ते माझ्याकडे सरकले, एकाने पिशवीला हात घातला. धक्काबुक्की होणार हे मला दिसत होतं. मानसी मोबाइल धरून खुर्चीवर उभी राहिली आणि तिने स्पष्ट सांगितलं की मी सगळं रेकॉर्ड करतेय, चमत्काराच्या नावाखाली फसवणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, मामाला हात लावून बघा.

पण कुर्त्यांना थांबवलं ते मानसीने नाही. आक्का पाटावरून उठली आणि माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. ज्या रोग्यासाठी हा सोहळा मांडला होता त्यालाच बाजूला ढकलायची कुणाची हिंमत झाली नाही.

"पिशयेत काय हाडलंस?" तिने मला विचारलं.

मी पिशवीतून लेथवर घासलेल्या स्टीलच्या दोन वाट्या काढल्या. एकीला बारीक तोटी. मग सायकलच्या पंपासारखा पण उलटा चालणारा, हवा ओढून घेणारा हातपंप. आणि शेवटी ग्रीसची ट्यूब. मी ती आधी आक्काच्या बोटावर पिळली. तिने बोट चोळलं, वास घेतला, महाराजांचं आता सैल झालेलं संपुट उघडून त्याच्या काठावरून दुसरं बोट फिरवलं आणि दोन्ही बोटं बराच वेळ एकमेकांशेजारी धरून बघितली.

मग मी बोलत बोलत करून दाखवलं. काठाला लोणी लावलं, वाट्या जुळवल्या, एकदा गोल फिरवल्या. पंपाने पंचवीस-तीस हात मारले, तोटी बंद केली, पंप काढून टाकला. आत आता हवा जवळजवळ नाही. बाहेरची हवा चहूबाजूंनी दाबते आहे, आणि ती किती जोराची असते हे आपल्याला कळत नाही, कारण एरवी ती दोन्हीकडून असते. एवढ्याशा वाट्यांवरसुद्धा तीन माणसांच्या वजनाएवढा भार पडतो, यांच्या पितळी गोळ्यावर त्याहून जास्त. ओढा म्हटलं. जिमच्याच पोरांनी ओढलं आणि त्यांच्याच्याने त्या सुटल्या नाहीत. कळसाखाली अशीच तोटी आहे, मी म्हणालो, मनगट वळवलं की उघडते आणि हवा आत शिरते. तोच तुमचा नागाचा फूत्कार. गोळा कार्यक्रमाआधी मागच्या खोलीत पंपाने रिकामा करतात. तो कापरावर तापून आणि पंचामृतात न्हाऊनसुद्धा हवा धरून राहतो, कारण काठाला नेमकं हे ग्रीस आहे. दुसरं असतं तर पहिल्या कापरालाच ओघळलं असतं.

"आणि हे ग्रीस मी निवडून दिलं," मी म्हणालो. खिशातला फॉर्म काढून वाचून दाखवला. दूध, तूप, मध, लिंबू, कापूर. खाली सही माझी. मी विचारलं नाही कशासाठी हवंय. ही माझी चूक आहे आणि तिची शिक्षा माझ्या बहिणीला होत होती.

आक्काने हात पुढे केला. मी वाट्या तिच्या हातात दिल्या. तीस वर्षं डबे भरणारे ते हात. तिने वाट्या ओढून पाहिल्या, सुटेनात. मग तिने स्वतः तोटी फिरवली. फुस्स झालं. ना मंत्र, ना व्हायब्रेशन. वाट्या सुटल्या. ती त्या रिकाम्या वाटीत बघत राहिली.

"गरम भाजयेचो डबो बंद केल्यार झाकण असाच बसता," ती हळू म्हणाली. "रोज उघडतंय मिया. कडेन चमचो घातलो की असोच आवाज येता." मग तिने महाराजांकडे पाहिलं. "तुमी माका माझ्याच डब्याचा झाकण दाखवलास. आनी मिया उद्याची तारीख सोडूक निघालंय."

ती ओरडली नाही. तिने पदराने छातीवरचा लेप पुसला, पण तो पुसला जात नव्हता. ती पुसतच राहिली. मानसी धावत आली आणि तिने आईला धरलं. आक्का रडली, आणि सांगायला काय लाज, मीही रडलो.

मागे बायका आपापल्या पानावरचं लोणी बोटावर घासून, वास घेऊन बघायला लागल्या. कुणीतरी पंखे लावले. त्या गडबडीत महाराज मागच्या दाराने निघाले, परेश संपुट उपरण्यात गुंडाळत होता. पण रतन नावाच्या एका म्हाताऱ्या कोळणीने ते त्याच्या हातातून खेचून घेतलं. तिच्या नातवाच्या फिटच्या गोळ्या महाराजांनी बंद करायला लावल्या होत्या. तिने ते पोलीस येईपर्यंत मांडीवर धरून ठेवलं. पुढे तक्रार झाली, प्रकरण चालू आहे, त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही.

सोमवारी आठ वाजता आक्का रुग्णालयात दाखल झाली. डॉक्टरीणबाईंनी सही घेण्याआधी विचारलं, काही शंका आहे का? रोगी बहुतेक नाही म्हणतात. आक्काने बोटं मोजत विचारायला सुरुवात केली. कुठे कापणार? का कापणार? न कापता दुसरा इलाज आहे का? कापल्यावर परत येईल का? भूल कुठली? बाई हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि एकेकाचं उत्तर दिलं. दोन उत्तरं "खात्रीने सांगता येत नाही" अशी होती. आक्का म्हणाली, खात्री देणारे बघून आलंय, माका ह्या चलात.

गाठ निघाली. पुढचे उपचार चालू आहेत, केस गेलेत, तोंडाची चव गेली आहे, कधी कधी ती वैतागून आम्हाला शिव्या घालते. पूर्ण बरी होईल का, हे मला माहीत नाही. वेळेवर गेली, एवढं माहीत आहे.

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी थोडं पुढे सरका. मागे सरा असं सांगतील तेव्हा तर नक्कीच सरका, कारण जे बघायचं ते तिथेच असतं. अगरबत्ती त्यांचीच असते, धूरही फुकट असतो. तो कुठे जातो ते आपल्या डोळ्यांनी बघा. आणि माझ्यासारख्यांनी, ज्यांच्या हातात चार गोष्टींचं खरं ज्ञान आहे, त्यांनी ते दुसऱ्याच्या हवाली करताना रिवाज बाजूला ठेवावा.

माझ्या फॉर्मवर आता पाच प्रश्न आहेत. किती गरम, किती गार, कशाशी गाठ, किती वेळ. या चारांच्याही वर, पहिल्या ओळीत, मी नवा प्रश्न घातलाय: कशासाठी? गेल्या महिन्यात दोन ग्राहक त्यावरून रागावून निघून गेले. मी आक्काला सांगितलं. ती डोक्याचा रुमाल सारखा करत म्हणाली, "जांव दे. इचारूक लाज कसली?"